त्या काळ्या चौकोनाचं ओरिजिनल कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: मॉडर्न आर्टच्या एका कलेक्शनमधे तुम्ही १९२३ सालचा एक लिथोग्राफ (सहसा दगडावर काढून छापलेलं चित्र) बघितलात, मोठा काळा चौकोन, त्याला तिरकी छेदून जाणारी करडी पट्टी, वर एक अर्धवर्तुळ, बास. खाली पेन्सिलने सही आणि १२/५०. मग तुम्हाला तीन गोष्टी खटकल्या. ही प्रिंट असेल तर मूळ चित्र कुठे आहे? सगळं पट्टीने आखलेलं असताना कलाकाराचा हात यात कुठे आहे? आणि कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होणारी गोष्ट काचेमागे एवढी जपून का ठेवलीय?

मी तीस एक वर्षं लिथोग्राफी करतोय, स्वतःची कामं छापलीत आणि इतर कलाकारांच्या एडिशन्सही (एकाच चित्राच्या ठराविक संख्येतल्या प्रती) छापून दिल्यात, त्यात भौमितिक कामं बरीच होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की मूळ चित्र कुठेच नाहीये. हरवलं वगैरे नाही, ते नव्हतंच कधी. प्रिंट म्हटलं की आपल्या डोक्यात पोस्टर किंवा कॅलेंडर येतं, म्हणजे कुठेतरी कॅनव्हास होता, त्याचा फोटो काढला, तो छापला. इथे तसं नसतं. कलाकार थेट दगडावर काम करतो, आणि दगडावर जे असतं ते उलटं असतं, डावं उजवीकडे गेलेलं, शिवाय त्यात रंग नसतात, कारण दगडावर लावायचं जे मटेरियल असतं ते काळंच असतं, मग छापायचं लाल असो की पिवळं. चार रंगांचं काम असेल तर चार वेगवेगळे दगड आणि प्रत्येकावर चित्राचा एकेक तुकडा, त्यातला कुठलाही एक बघून तुम्हाला चित्र कळणार नाही. ते चित्र पहिल्यांदा अस्तित्वात येतं ते कागदावर. आणि एडिशन संपली की सहसा तोच दगड कार्बोरंडमची पूड टाकून घासतात, वरचा थर निघून जातो आणि दगड पुढच्या कामाला कोरा होतो. त्यामुळे तुम्ही जो कागद बघितलात तोच मूळ आहे, आणि त्याची ४९ भावंडंही तितकीच मूळ आहेत.

आता दगडावर काय होतं ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट पोचणार नाही. बव्हेरियातल्या आलॉइस झेनेफेल्डरने १७९८ च्या सुमारास ही पद्धत बसवली, तो नाटकं लिहायचा आणि ती स्वस्तात छापायचा मार्ग शोधत होता. दगड म्हणजे तिथल्याच झोल्नहोफेनचा चुनखडक, इतका बारीक आणि एकसारखा पोत की आजही त्याला तोड नाही. (आर्किओप्टेरिक्स या पिसं असलेल्या प्राचीन प्राण्याचं जीवाश्म याच खडकात सापडलं, आणि १८६१ मधे त्याला नाव देताना पुढे 'लिथोग्राफिका' जोडलं ते याच छापायच्या दगडामुळे. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.) वुडकटमधे कोरून उंचवटा ठेवतात, एचिंगमधे धातूत खाच पडते, इथे दोन्ही नाही. दगड सपाट तो सपाटच राहतो. तेलकट क्रेयॉनने किंवा टश नावाच्या तेलकट काळ्या द्रवाने चित्र काढायचं, मग डिंकात नायट्रिक ॲसिडचे काही थेंब घालून तो सगळ्या दगडावर पसरायचा. याला एचिंग म्हणतात पण इथे खोदणं वगैरे काही नसतं, तेलकट जागा पक्की होते आणि कोऱ्या जागेत डिंकाचा अगदी पातळ थर बसतो जो पाणी धरून ठेवतो. मग पुढे छापताना ओल्या स्पंजने दगड पुसला की कोरी जागा पाणी घेते, तेलकट जागा पाणी झिडकारते, आणि वरून शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त तेलकट जागेवर बसते. तेल आणि पाण्याचं जमत नाही एवढ्या एका गोष्टीवर सगळी लिथोग्राफी उभी आहे.

यातला एक क्षण असा आहे की पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस दचकतो. एच झाल्यावर आपण टर्पेंटाइन घेऊन चिंधीने ते चित्रच पुसून टाकतो, दोन दोन दिवस बसून काढलेलं काळंभोर काम फिकट होत होत जातं आणि दगडावर जेमतेम एक पिवळट सावली उरते. मग पाणी, मग रोलर, आणि रोलरच्या तिसऱ्या चौथ्या फेरीत ते परत वर यायला लागतं. इतक्या वर्षांनंतरही या वेळी मी कोणाशी बोलत नाही.

आता हाताचं बघू.

क्रेयॉनने काढलेला घोडा किंवा चेहरा छापायला घेतला तर छोट्या चुका त्यात मुरून जातात, थोडी शाई कमी बसली तर ती सावली वाटते, थोडी जास्त बसली तर गडद केस वाटतात. काळ्या चौकोनात लपायला जागाच नसते. एकसारखा सपाट काळा भाग, त्याला आम्ही फ्लॅट म्हणतो, हे लिथोग्राफीतलं सगळ्यात अवघड काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि छापणाऱ्या कोणालाही विचारा, बहुतेक जण मान डोलावतील. कारण दगडावर जिथे टश एकसारखी लागली नाही तिथे तो भाग छापताना पांढरट पडतो, धुळीचा कण असला तर त्याच्याभोवती पांढरं वर्तुळ उमटतं, दगड घासताना मधे केसाएवढा जरी खोलगट राहिला असेल तर तिथे कागद नीट टेकतच नाही. म्हणून दगड घासून झाला की आम्ही लोखंडी पट्टी उभी ठेवतो, तिच्याखाली टिश्यूचे तुकडे सरकवतो आणि ओढून बघतो, तुकडा कडेला घट्ट आणि मधे सैल लागला की परत घासायला.

आणि रोलर. मी शिकत होतो तेव्हा एक चाळीस सेंटिमीटरचा काळा चौकोन छापायला घेतला होता, दगड उत्तम, एच उत्तम, पण प्रत्येक प्रूफवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, चौकोनाच्या साधारण तीन चतुर्थांशाला एक फिकट आडवी रेघ यायची. शाई बदलली, घट्ट केली, सैल केली, प्रेशर वाढवलं, दगड परत एच केला, रेघ तिथल्या तिथे. चार दिवस गेले. शेवटी मला शिकवणारे मास्टर प्रिंटर आले, प्रूफकडे बघितलं, काही बोलले नाहीत, रोलरच्या टोकाला पट्टी लावली. व्यास दहा सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण एकतीस सेंटिमीटर. पहिल्या एकतीस सेंटिमीटरवर ताजी शाई पडते, तिथे रोलरचा एक फेरा पूर्ण होतो, आणि पुढे दगडाला लागतो तो शाई देऊन बसलेला अर्धा रिकामा रोलर. रेघ म्हणजे त्या दोन फेऱ्यांचा सांधा होती. पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा रोलर घेतला की परीघ अठ्ठ्याहत्तर होतो आणि अख्खा चौकोन एका फेऱ्यात झाकला जातो. तेव्हापासून मोठा फ्लॅट दिसला की मी आधी मनात त्याला तीन पॉइंट चौदाने भागतो.

तर हात इथे आहे. तो रेघेत दाखवत नाही स्वतःला, तो त्या एकसारखेपणात आहे. रोलर फिरवताना मधे पाणी सुकलं की शाई कोऱ्या जागेत चढते आणि पांढरं मळतं, म्हणून दोन माणसं लागतात, एक सतत स्पंज फिरवणारा आणि एक रोलरवाला, दोघांचा ताल जमायला लागतो. मग कागद ठेवायचा, वर पॅडिंगचे कागद, वर टिम्पनचा गुळगुळीत पत्रा, त्याला ग्रीस, आणि दगड स्क्रेपर नावाच्या लाकडी पट्टीखालून सरकवायचा, मधे अजिबात न थांबता, कारण थांबलात तर त्या जागी रेघ येते. हे पन्नास वेळा, शिवाय प्रूफ वेगळी. पन्नासावा चौकोन पहिल्यासारखाच काळा यायला हवा.

पण मग अशी भौमितिक चित्रं करणारे हे कलाकार हात इतका लपवत का होते? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या आत तोच आहे. तुम्ही बघितलेला लिथोग्राफ नक्की कोणाचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण १९२३ साल आणि ५० ची एडिशन वाचल्यावर मला लगेच जर्मनीतलं हॅनोव्हर आठवलं. त्या वर्षी तिथल्या केस्टनर सोसायटी या कलासंस्थेसाठी दोन पोर्टफोलिओ निघाले, एक रशियन कलाकार एल लिसित्स्कीचा आणि एक हंगेरियन कलाकार लास्लो मोहोली-नॉजचा, दोन्हीत सहा सहा लिथोग्राफ, दोन्हीच्या एडिशन्स ५० च्या. लिसित्स्की मुळात आर्किटेक्चर शिकलेला माणूस, या कामांना तो 'प्रौन' म्हणायचा, आणि त्यातल्या आकारांकडे जरा वेळ बघितलं की कळतं की तो सपाट चौकोन ठेवतो, मग त्याच्याशेजारी एक ठोकळा असा काढतो की आपण तो वरून बघतोय की खालून तेच ठरत नाही. सहापैकी दोन प्रिंट्सवर त्याने कागदाचे तुकडेही चिकटवलेत. मोहोली-नॉजने तर त्याच वर्षी साइनबोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडून एकच डिझाइन तीन मापांत इनॅमलच्या पत्र्यावर करून घेतलं. महायुद्ध आणि क्रांती बघून आलेली ही पिढी होती, आणि यांना एका माणसाच्या मनगटाचा झोका, त्याची भावना, त्याची सही असलेला फटकारा हे सगळं जुन्या जगाचं वाटत होतं. चौकोन कोणाच्या मालकीचा नसतो, तो कोणालाही आखता येतो, त्यातून नवीन जग मांडायचं होतं. आणि त्यासाठी त्यांनी असं माध्यम घेतलं ज्यात मुळातच पन्नास सारखे कागद निघतात आणि ते वेगवेगळ्या घरी जातात. माझ्या मते त्यांचा विचार आणि दगड यांची जोडी फार सुरेख जमली. फक्त गंमत अशी की हाताशिवायचं दिसणारं चित्र काढायला सगळ्यात तयार हात लागतो, हे दगडापाशी उभं राहिल्यावरच समजतं.

रंग आले की अजून एक अडचण उभी राहते ती म्हणजे रजिस्ट्रेशन, दोन दगडांवरचे आकार कागदावर बरोब्बर एकमेकांशेजारी बसवणं. निळा चौकोन आणि त्याला चिकटून पिवळी पट्टी असेल आणि अर्धा मिलिमीटर चूक झाली तर मधे कागदाची पांढरी रेघ दिसते आणि डोळा सगळं सोडून तिथेच जातो. कागद तर प्रत्येक छपाईत ताणला जातो, हवेतल्या ओलाव्यानेही फुगतो, म्हणून मी छापण्याआधी सगळे कागद कोरेच एकदा प्रेसमधून काढतो म्हणजे ताणायचे तेवढे आधीच ताणले जातात. त्यावरही बरेचदा दोन रंग केसभर एकमेकांवर चढवावे लागतात, आणि तिथे भिंगातून बघितलं तर सीमेवर एक बारीक तिसराच रंग दिसतो, पिवळ्या-निळ्यामधे गडद हिरवा. काचेमागच्या प्रिंटमधे ही सीमा शोधून बघाच, तिथे छापणाऱ्याचा निर्णय दिसतो.

याचं सगळ्यात कडक उदाहरण मला जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या योसेफ आल्बर्स या चित्रकाराच्या 'व्हाइट लाइन स्क्वेअर्स'मधे दिसतं, १९६६ मधे लॉस एंजेलिसच्या जेमिनी जी.ई.एल. या वर्कशॉपमधे छापलेले लिथोग्राफ, प्रिंटर केनेथ टायलर. एकात एक बसवलेले चौकोन, आणि त्यातल्या एका रंगाच्या आतून जाणारी एक पांढरी चौकट. गंमत बघा, त्या चौकटीच्या आतला आणि बाहेरचा रंग एकच असतो, एकच शाई, पण शेजारी वेगळे असल्यामुळे आपल्याला ते दोन वेगळे रंग दिसतात. आता विचार करा, हा परिणाम शाई दोन्हीकडे अगदी एकसारखी बसली असेल तरच खरा, कारण छपाईतच फरक पडला असेल तर डोळ्याला झालेला भास आणि छापणाऱ्याची चूक वेगळी कशी करणार? तिथे फ्लॅट चुकला की चित्रच उरत नाही. अमेरिकेत त्याच्या थोडं आधी हाताने दगडावर छापणारे प्रिंटर जवळपास संपत आले होते, १९६० मधे जून वेन यांनी टॅमरिंड वर्कशॉप काढलं ते मुद्दाम असे प्रिंटर तयार करायला, आणि टायलर तिथेच तयार झालेला. ते वर्कशॉप नसतं तर असं काम छापायला किती हात सापडले असते कोण जाणे.

पांढरी रेघ कशी ठेवतात हे बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. मी ती डिंकाने काढतो. ड्रॉइंगच्या रूलिंग पेनमधे डिंक भरायचा, थोडा रंग घालून म्हणजे दिसतो, रेघ ओढायची, पूर्ण वाळू द्यायची, मग वरून टशचा सरसकट हात द्यायचा. डिंकाखालच्या जागेला तेल लागतच नाही. मात्र टश पाण्यात कालवलेली नको, सॉल्व्हंटमधली हवी, नाहीतर डिंक विरघळतो आणि रेघेची कड कुरतडल्यासारखी येते. वाळलेल्या डिंकावरून केसाळ ब्रश फिरवताना श्वास धरावा लागतो.

प्रिंट खरंच लिथोग्राफ आहे का हे ओळखायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसली तर ते फोटोवरून केलेलं ऑफसेट आहे, म्हणजे पोस्टर. क्रेयॉनचं काम असेल तर दगडाच्या कणांमुळे वेडेवाकडे दाणे दिसतात, कुठलेच दोन सारखे नसतात. पण सपाट भौमितिक कामात मुळात ठिपके नसतातच, तिथे शाईकडे बघायचं. लिथोच्या शाईचा थर अतिशय पातळ असतो, कागदात बसलेला, तिरप्या उजेडात बघितलं तर कागदाचा पोत शाईतूनही दिसतो. स्क्रीनप्रिंटमधे (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईत) शाईचा थर कागदावर बसलेला जाणवतो, कडेला किंचित उंची असते. हे महत्त्वाचं अशासाठी की विसाव्या शतकातली बरीच भौमितिक प्रिंट्स स्क्रीनप्रिंट आहेत, आल्बर्सचाच १९७२ चा १२७ प्रिंट्सचा मोठा पोर्टफोलिओ स्क्रीनप्रिंटमधला आहे, आणि लोक सरसकट सगळ्याला लिथो म्हणतात. एचिंगसारखा कागदात दाबला गेलेला चौकोनी ठसा मात्र लिथोत शोधू नका, तो नसतो. आणि लेबलवर लिथोग्राफ लिहिलंय म्हणजे दगडच असेल असंही नाही, जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या प्लेटवरही हेच तत्त्व चालतं आणि तोही लिथोग्राफच.

१२/५० चं फार मनावर घेऊ नका. ५० ची एडिशन आणि हा त्यातला बारा नंबरचा, एवढंच. तो बारावा छापला गेला असं बिलकूल नाही, सगळे कागद वाळल्यावर एकत्र गठ्ठा करून सह्या करतात, त्यात क्रम कुठला राहतोय. ड्रायपॉइंटची (सुईने धातूवर ओरखडून काढलेली) प्लेट लवकर झिजते म्हणून तिथे सुरुवातीच्या प्रिंट्सना जास्त मान असतो, दगड तसा झिजत नाही, नीट सांभाळला तर पन्नासात पहिला-शेवटचा फरक नसतो. नंबरऐवजी 'ए.पी.' असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रूफ.

आता कॉम्प्युटरचं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, आकार पाच मिनिटांत होतील, त्यात मला वाद घालायचा नाही. पण स्क्रीनवरचा काळा आणि कागदावरची काळी शाई या वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या फ्लॅटचा काळा जरा बाजूला सरकून बघितला की मऊ दिसतो, मखमलीसारखा, त्याच्याशेजारी न छापलेला कागद उबदार दिसायला लागतो, आणि त्या कागदाचा पांढरा हाही चित्रातला एक रंग असतो, कलाकाराने मोजून धरलेला. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी तो चौकोन कुठे ठेवायचा हे ठरवलं तेव्हा ते आपल्याला इतकं ओळखीचं नव्हतं, आज ते पाच मिनिटांत सुचतं याचं एक कारण त्या लोकांनी ते आधी करून ठेवलंय हेच आहे.

काचेमागे का, तर कागद. उजेडाने कागद पिवळा पडतो, काही शाया उडतात, एकदा झालेलं नुकसान परत येत नाही. म्हणून कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच, म्हणजे मंद उजेड देतात आणि काही महिन्यांनी काम उतरवून अंधाऱ्या कपाटात ठेवतात. गॅलरीत अंधारलेलं वाटतं ते यामुळे, डोळ्यांना दोन मिनिटं द्या. कोणाकडे घरी लिथोग्राफ असेल तर प्रिंटला लागून असलेला ॲसिडवाला स्वस्त माउंट बोर्ड (फ्रेममधला पुठ्ठा) आधी बदलून घ्या, त्याची तपकिरी कड प्रिंटवर कायमची उमटते, आणि प्रिंट कधीही पूर्ण चिकटवू नका, जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या पुरतात.

परत जाल तेव्हा समोर उभं राहून झालं की एकदा बाजूला जा, डोळे फ्रेमच्या उंचीला आणा आणि चौकोनावरून उजेड सरकताना बघा. आधी कडा, कोपऱ्यात टश बाहेर आलीय का, रेघ कुठे थांबलीय. मग मधला काळा, आणि त्यात एखादी फिकट आडवी रेघ दिसते का ते शोधा. बऱ्याच म्युझियममधे प्रिंट स्टडी रूम असते, आधी वेळ मागून गेलात तर प्रिंट काचेबाहेर टेबलावर ठेवून दाखवतात, आणि विनंती केलीत तर तिथले लोक ती उलटी करूनही दाखवतील. मागे कडांच्या मध्यावर पेन्सिलच्या छोट्या आडव्या-उभ्या खुणा सापडल्या तर त्या रजिस्ट्रेशनच्या आहेत, प्रत्येक रंगाच्या वेळी कागद कुठे टेकवायचा ते कळावं म्हणून छापणाऱ्याने केलेल्या.